खिडकीतलं खेचर

आर्डिस व्हँगनच्या हातून खराब अंडं सुटत नाही, असं हॉल्मक्रीक गावात सगळेच म्हणायचे. लग्नाच्या आधीपासून ती अंड्यांच्या कारखान्यात कामाला होती. अंधाऱ्या खोलीत दिव्यासमोर अंडं धरायचं, हलकेच फिरवायचं, आत रक्ताचा ठिपका दिसतो का, कवचाला केसाएवढी चीर आहे का ते बघायचं, आणि पुढे सारायचं. बाकीच्या बायका दुपारपर्यंत डोळे चोळायला लागत. आर्डिस शेवटच्या अंड्याकडेही पहिल्यासारखीच बघे. देवाने आपल्याला गळा दिला नाही, रूपही बेताचंच दिलं, पण नजर दिली, असं तिचं म्हणणं होतं. रविवारी चर्चमध्ये सगळे गायला उभे राहिले की ती नुसते ओठ हलवून वेळ मारून नेई, आणि त्याचं तिला काही वाटत नसे.

ह्या नजरेपायीच ती त्या खेळात ओढली गेली. तिचा मुलगा वेंडेल हायस्कूलला असताना गावात कुजबुज सुरू झाली, की पोरं चर्चच्या तळघरात बसून फासे टाकतात आणि राक्षसांची नावं घेतात. तेव्हा असल्या गोष्टींची लोकांना धास्तीच होती. चर्चच्या मंडळाने ठरवलं, कुणीतरी जाऊन डोळ्यांनी बघून यावं. कुणी जायचं ह्यावर चर्चा झालीच नाही.

आर्डिस विणकाम घेऊन कोपऱ्यात जाऊन बसली. बघते तर एक पोरगा गोष्ट सांगतोय आणि बाकीचे त्या गोष्टीतले वाटसरू झालेत. आपण काय करणार ते जो तो तोंडाने सांगायचा, आणि जमलं की फसलं ते फासा ठरवायचा. भुयारं, डाकू, कुठेतरी पुरलेला खजिना. पाप म्हणावं असं तिला त्यात काही दिसेना. तिला धक्का बसला तो वेगळ्याच गोष्टीचा. एका पोराच्या पाठीवर, म्हणजे आपलं सांगण्यापुरतं, दोन तलवारी होत्या, शिडी होती, तंबू होता, तेलाचं पिंप होतं, वर सोन्याची पोती होती. आणि तसाच तो भिंतीवर चढत होता.

तिने सुया थांबवल्या आणि विचारलं, हे सगळं घेऊन?

पुस्तकात वजनं दिलेली असतात, मिसेस व्हँगन, पोरगा म्हणाला, पण ती बेरीज कोण करत बसतो.

मंडळाला आर्डिसने कळवलं ते एवढंच, की पोरं देवाला सोडून कुठेही गेलेली नाहीत, फक्त झेपेल त्यापेक्षा जास्त उचलतात. आणि पुढच्या शनिवारी ती कारखान्यातून पुठ्ठ्याचे डझनी ट्रे घेऊन तळघरात हजर झाली.

तिचा नियम साधा होता. प्रत्येक वाटसरूला एक ट्रे. ट्रेला बारा खळगे. एका खळग्यात एक वस्तू. आगकाडी म्हणजे मशाल, घेवड्याचा दाणा म्हणजे आठवड्याची शिदोरी, निळा मणी म्हणजे पाण्याची पिशवी, सुतळीचा छोटा गुंडा म्हणजे दोर, पितळी बटण म्हणजे सोन्याची थैली. चिलखत घातलं तर दोन खळगे गेले. खळगे भरले की भरले. नवं काही उचलायचं तर जुनं काही काढून ठेवायचं. लिहिणं नको, बेरीज नको. कोण किती लादून चाललाय ते सगळ्या टेबलाला दिसतं. "ट्रेत आहे तर आहे, ट्रेत नाही तर नाही," हे तिचं वाक्य पोरांना पाठ झालं. भर अंधारात ज्याच्या ट्रेत आगकाडी नसे त्याच्याकडे ती नुसती बघे, आणि पोरगा कपाळाला हात लावी.

पोरं मोठी झाली. कुणी मिनियापोलिसला गेला, कुणी मिलवॉकीला, वेंडेल तर पार ओरेगॉनला. खेळ मात्र आर्डिसजवळ राहिला. आता गोष्ट तीच सांगायची. टेबलावर शाळेची बस चालवणारी ट्वायला आली. तिचा आवाज तळघरातून वर वेदीपर्यंत ऐकू जायचा. डेलमर न्हावी आला. त्याची कात्री थांबली तरी तोंड थांबत नसे. शनिवारची दुपार, मोठ्या किटलीतली कॉफी, कुणीतरी आणलेल्या लिंबाच्या वड्या, आणि मधोमध ते पुठ्ठ्याचे ट्रे. पास्टर कधी जिन्यातून डोकावून विचारायचे, आज कोण मेलं? डेलमर म्हणायचा, अजून कुणी नाही, पण बाईसाहेब बघतायत प्रयत्न करून.

त्यातही आर्डिसचा एक दंडक होता. वाटसरू जे विसरेल ते ती आठवून देत नसे. ती म्हणायची, आई मी घरी आहे, ह्या टेबलावर नाही. तिच्या मते न्याय म्हणजे हेच. दिव्यासमोर धरलेल्या अंड्याला आपण काही सुचवत नाही. जे आहे ते बघतो.

ऑरिन हालवेरूड टेबलावर आला तो गायी विकल्यानंतरच्या हिवाळ्यात. जन्मभर पहाटे आणि संध्याकाळी धारा काढलेला माणूस. गायी गेल्यावर ह्या हातांचं करायचं काय, हे त्याला कळेना. त्याच्या बायकोने, व्हर्डेलने, चर्चच्या दारात आर्डिसला गाठून सांगितलं, दिवसभर घरात पायात पायात येतो, शनिवारी तरी घेऊन जा बाई.

पहिल्या दिवशी ऑरिनने टोपी मांडीवर ठेवली आणि रिकाम्या ट्रेकडे बराच वेळ बघितलं.

"माणूस एवढंच उचलणार?"

"एवढंच," आर्डिस म्हणाली.

"मग जनावर घ्या."

इतकी वर्षं खेळून हे ट्वायलाला सुचलं नव्हतं, डेलमरला तर नाहीच. गोष्टीतल्या गावात एक तबेलेवाली होती, तिच्याकडून त्यांनी एक खेचर विकत घेतलं. खेचर आलं तसा आर्डिसने तीस अंड्यांचा मोठा ट्रे काढला. ऑरिनने आपल्या सदऱ्याच्या खिशातून खरेखुरे ओट्सचे दाणे काढले आणि पहिल्या खळग्यात टाकले. ते कुठून आले हे कुणी विचारलं नाही. गोठेवाल्याच्या खिशात दाणे असतातच. मग दोन निळे मणी. डेलमर म्हणाला, अरे बाबा, खजिन्याला जागा ठेव, आपण काय तिची खानावळ चालवायला निघालोय? खेचराचं नाव ऑरिनने हिल्डा ठेवलं. मग तंबू, तवा, घोंगड्या, सगळं हिल्डाच्या पाठीवर गेलं आणि वाटसरू हातपाय हलवत मोकळे चालू लागले. त्यानंतर दर शनिवारी खेळाला सुरुवात व्हायची ती ऑरिनच्या एकाच वाक्याने. "हिल्डाला पाणी दाखवलं." मगच तो कॉफीचा कप उचलायचा.

आणि एका शनिवारी ते भुयाराशी पोहोचले. तोंड अरुंद, आत पायऱ्या. खेचर आत जाणार नव्हतं.

"हिल्डाला बाहेर ओकच्या झाडाला बांधतो," ऑरिन म्हणाला. आर्डिसने मान हलवली. टेबलावर भुयाराच्या नकाशाला जागा हवी होती, म्हणून हिल्डाचा ट्रे उचलून तिने मागच्या खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला. तळघराची खिडकी ती, वर जमिनीच्या पातळीला. बाहेर काचेला लागून बर्फ साचलेलं, आणि आत तो भरलेला ट्रे.

भुयार मोठं निघालं. पुढच्या शनिवारी वाटेत खोल खड्डा लागला. ऑरिनने आपल्या ट्रेतला सुतळीचा गुंडा काढला, टेबलाच्या कडेवरून खाली सोडला, आणि ट्वायला त्या दोराने तळाशी उतरून पितळी बटणांनी ट्रे भरून वर आली. त्या दिवशी ऑरिन मोठ्याने हसला. व्हर्डेलने नंतर आर्डिसला फोन करून विचारलं, काय केलंत तुम्ही त्याचं? जेवताना बोलत होता.

त्या शनिवारी, आणि त्यानंतरच्याही, कुणीच म्हणालं नाही की हिल्डाला पाणी दाखवलं.

आर्डिसच्या ते पहिल्याच दिवशी लक्षात आलं. ती गप्प राहिली. आज नाही तर पुढच्या खेपेला आठवेल, असं तिला वाटलं. गोष्टीत भुयारातले दिवस चालले होते. वाटसरू आत झोपत होते, उठत होते, पुढे जात होते. ट्रे खिडकीत तसाच. महिला मंडळाच्या कुणीतरी त्यावर कागदी रुमालांचा गठ्ठा ठेवला. ऑरिन त्या खिडकीखालच्या किटलीतून कॉफी घ्यायचा, तेव्हा ट्रे त्याच्या खांद्याशी असायचा.  घरी आर्डिस फासा टाकून बघायची, की कुणी वाटेने जाणारा येतो का, पाऊस पडतो का. फासा तिच्या बाजूने पडला नाही. दोराच्या घेऱ्यात गवत ते किती, आणि पाणी तर नाहीच. शेवटी तिने ठरवलं. जे आहे ते आहे.

मार्चच्या सुरुवातीला ते भुयारातून बाहेर आले. तिघांचे ट्रे पितळी बटणांनी गच्च. ऑरिनने चिलखतसुद्धा काढून मागे ठेवलं होतं, सोन्याला जागा व्हावी म्हणून.

"चला, हे सगळं हिल्डावर टाकू," ट्वायला म्हणाली, "आणि गावात जाऊन पोटभर..."

वाक्य तसंच राहिलं.  आर्डिस खिडकीकडे बघत होती. मग सगळ्यांनीच तिकडे बघितलं.

"झाडाखाली हिल्डा आडवी पडलीय," आर्डिस म्हणाली.  "दोराच्या घेऱ्यातलं गवत मुळापर्यंत खाल्लेलं आहे. तोंड पोहोचेल तिथपर्यंत झाडाची साल कुरतडलेली आहे."

 ट्वायलाने दोन्ही हात तोंडावर घेतले. 

"पाठीवर ओझं होतं?" ऑरिनने विचारलं.

"होतं."

"मी ते उतरवलं नव्हतं."

"नाही."

त्याच्या चेहऱ्याचा रंग गेला. आर्डिसने आयुष्यात पुष्कळ माणसांना वाईट बातमी ऐकताना बघितलं होतं, कारखान्यात, इस्पितळात, चर्चच्या दारात. त्यांतला एकही चेहरा एका खोट्या खेचराच्या पायी असा झालेला तिने बघितला नव्हता.

"तुला माहीत होतं," ऑरिन म्हणाला.

"हो."

"कधीपासून?"

"तू भुयारात शिरलास तेव्हापासून."

"आणि दर शनिवारी माझ्या शेजारी बसून कॉफी पीत होतीस."

त्याच्या बोलण्यात राग असता तर तिला उत्तर देता आलं असतं. त्याने आपला ट्रे हळूच मध्ये सरकवला, बटणं सांडू नयेत अशा बेताने, आणि जिना चढून गेला. टोपी खुर्चीवरच राहिली.

ट्वायला त्या दिवशी आर्डिसशी एक शब्द बोलली नाही. डेलमर जाताना म्हणाला, नियम तुझाच आहे, तू बरोबरच होतीस. आणि हे म्हणताना त्याने तिच्याकडे बघितलं नाही. घरी तिचा नवरा लॉइड पेपर वाचत होता. खेळच आहे ना तो, असं तीच त्याला म्हणाली, जणू तोच भांडत होता. लॉइडने पेपर खाली घेतला. ऑरिनला कुठलंही जनावर खेळातलं नसतं, म्हणाला, हे तुला कळायला हवं होतं.

पुढच्या शनिवारी ऑरिन आला नाही. आर्डिसने खेळ मांडलाच नाही. लिंबाच्या वड्यांचा डबा आणि ती टोपी घेऊन ती त्याच्या शेतावर गेली. व्हर्डेलने दारातूनच सांगितलं, घरात नाहीये, गोठ्यात आहे, रिकाम्या गोठ्यात काय झाडतो देव जाणे.

तो खरंच झाडत होता. लांबलचक गोठा, दोन्ही बाजूंना रिकाम्या दावणी, आणि जमीन इतकी स्वच्छ की जेवायला बसावं. आर्डिस माफी मागायला आली होती. नियम तिला सांगायचे होते, न्याय सांगायचा होता, आणि मग माफी मागायची होती. ऑरिनने तिला काही सांगूच दिलं नाही. झाडू टेकवून तोच बोलत राहिला, जमिनीकडे बघत.

गायी न्यायला ट्रक आला त्या दिवशी त्याला बघवेना, म्हणून तो डेलमरच्या दुकानात जाऊन बसला होता. केस कापून झाले तरी बसूनच होता. गायी चढवल्या त्याच्या चुलतभावाने. ट्रक भरला. अगदी टोकाची एक म्हातारी गाय उरली. आता जागा नाही, संध्याकाळी दुसऱ्या खेपेला नेतो, असं ड्रायव्हर म्हणाला आणि आलाच नाही. चुलतभावाला वाटलं, येऊन नेली असेल. ऑरिनला वाटलं, सगळ्या गेल्या. रिकामा गोठा बघायचं धैर्य त्याला दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत झालं नाही. व्हर्डेलला हंबरण्याचा आवाज आला होता. तिला वाटलं, शेजारची असेल.

"उभीच होती," ऑरिन म्हणाला. "बांधलेली. कास दगडासारखी झालेली. ओरडून ओरडून आवाज बसला होता तिचा. मी दिसलो तर तोंड उघडलं, आवाज नाही."

आर्डिसच्या हातातला डबा तसाच होता. ही गोष्ट गावात कुणालाच माहीत नव्हती. एवढ्याशा गावात, जिथे शिंक आली तरी तिसऱ्या घरातून देव भलं करो म्हणतात, तिथे हा माणूस हे पोटात ठेवून सगळा हिवाळा वावरला होता. आणि आपण त्याला नेमकं तेच, तस्संच, कॉफीच्या कपाशेजारी मांडून दिलं.

"मी देवाला म्हटलं होतं, माझ्या हातून पुन्हा असं होणार नाही."

"ऑरिन, ते खेचर खरं नव्हतं रे."

"नव्हतं," तो म्हणाला. "पण विसरलो ते तर खरंच विसरलो ना?"

तिने टोपी आणि डबा त्याच्यापुढे धरला. तुझ्यावर राग नाही, असं तो म्हणाला. वड्याही घेतल्या. मात्र आता मी यायचा नाही, माझा ट्रे दुसऱ्या कुणाला तरी दे, हे त्याने इतक्या शांतपणे सांगितलं, की तिला घरापर्यंत गाडी कशी चालवली ते आठवेना.

दुसऱ्या दिवशी रविवार. उपासना संपल्यावर बाकीच्या बायका वरच्या दालनात कॉफी ओतत होत्या. आर्डिस तळघरात उतरली. ट्रे टेबलावर तसेच पडले होते. ऑरिनचा ट्रे रिकामा करावा, निदान एवढं तरी त्याच्या म्हणण्यासारखं करावं, असं तिने ठरवलं. जुना बटणांचा डबा उघडून ती एकेक वस्तू त्यात टाकू लागली. पितळी बटणं. आगकाडी. घेवड्याचा एक दाणा. निळा मणी. सुतळीचा गुंडा.

तो डब्यात पडलाच नाही. तिची बोटं मिटली ती उघडेनात.

ट्रेत आहे तर आहे.

ती खाली बसली. सुतळी ऑरिनच्या ट्रेत आहे. म्हणजे दोर ऑरिनजवळ आहे. मग झाडाला काय आहे? तिने उठून खिडकीतले कागदी रुमाल बाजूला केले, हिल्डाचा ट्रे बघितला. ओट्स, मणी, तंबू, तवा, घोंगड्या. सुतळी नाही. ट्वायलाच्या ट्रेत नाही. डेलमरच्या ट्रेत कधीच नव्हती. त्याला फुकटचा दोर वापरायची सवय. तिघांत मिळून दोर एकच. त्याच दोराने खेचर बांधलं होतं, आणि त्याच दोराने ट्वायला खड्ड्यात उतरली होती. एकच अंडं दोन ट्रेंत ठेवल्यासारखं, आणि तिने मान हलवून दोन्ही पुढे सारलं होतं.

आधी आनंद झाला असं म्हणता येणार नाही. आधी तिला लाज वाटली. इतकी वर्षं पोरांच्या, मोठ्यांच्या ट्रेत डोळे घालून बसलेली ती. आगकाडी नाही म्हणून कितीजणांना अंधारात ठेवलेली ती. देवाने दिलेली एकुलती एक गोष्ट, नजर. आणि ती नजर मरणाऱ्या खेचराकडे कित्येक शनिवार लागली होती, पण दोराकडे गेली नाही. आणि ह्या न दिसलेल्या दोराने तिने एका माणसाला घरी बसवलं.

तेवढ्यात ट्वायला जिन्यातून खाली आली. अबोला संपवायचा म्हणून दोन कप घेऊन आली होती. आर्डिसने तिच्यापुढे मूठ उघडली आणि सांगितलं. ट्वायलाला समजायला थोडा वेळ लागला. समजलं तेव्हा तिने कप खाली ठेवले.

"म्हणजे एकतर हिल्डा मोकळी, नाहीतर मी मेले?"

"हो."

"दोर नसता तर मी त्या खड्ड्यात..."

"खाली खडक होता."

"बाई गं," ट्वायला म्हणाली आणि खुर्ची ओढून बसली. "मग तू काय ठरवणार?"

"मी ठरवायची नाही. माझी नजर चुकली. ज्याचा दोर, त्यानेच सांगावं."

ट्वायला त्याच पावली निघाली. हालवेरूडांच्या अंगणात उभं राहून ती काय म्हणाली, ते व्हर्डेलने पुढे सगळ्या गावाला सांगितलं. म्हणाली, "ऑरिन, एकतर तुझं खेचर जिवंत आहे, नाहीतर मी खड्ड्यात पाय मोडून मरून पडलेय. शनिवारी येऊन सांग कुठलं. आणि विचार करून सांग, माझ्या बसमध्ये तुझी नातवंडं असतात."

शनिवारी तो आला. कोट काढला नाही. बसला तोही खुर्चीच्या कडेवर. आर्डिस उभी राहिली. असं ती कधी उभी राहत नसे. तिने दोराचं सगळं सांगितलं, आणि मग म्हणाली, "चूक माझी आहे. मी सांगितलं ते मी मागे घेते."

त्या टेबलावर हे वाक्य आजवर कुणी ऐकलं नव्हतं.  डेलमर म्हणाला, तारीख लिहून ठेवा रे, आर्डिस व्हँगनच्या हातून एक अंडं सुटलं. कुणी हसलं नाही, पण टेबलावरचा ताण जरा सैल झाला.

तिने सुतळी ऑरिनपुढे ठेवली. त्याने ती उचलून बोटांत फिरवली, टोकं बघितली, खरा दोर बघावा तशी.

"ट्वायला उतरली ती ह्यानेच," तो म्हणाला. "मीच सोडला होता. धरूनही मीच होतो."

"नक्की?"

"हाताला ओढ लागत होती तिच्या वजनाची."

"माझ्या वजनाचं नंतर बघू," ट्वायला म्हणाली.

"मग हिल्डा बांधलेली नव्हती," आर्डिस म्हणाली.

"नव्हती."

"मग ती कुठे आहे, ते मलाही माहीत नाही." तिने फासा उचलला. ऑरिनने तिच्या मनगटावर हात ठेवला.

"फासा कशाला? मोकळं जनावर संध्याकाळी कुठे जातं?"

आर्डिसने फासा खाली ठेवला. शेतकऱ्याची पोर होती तीही. "घरी," ती म्हणाली.

मग तिने गोष्ट पुढे नेली, जसजशी सुचेल तशी, आणि सुचेल तसं तिचं तिलाच नवल वाटत गेलं. सोनं अंगावर वागवत तिघे कसेबसे गावाच्या वेशीशी आले. पहिली बाई दिसली ती किंचाळून पळाली. दुसरा माणूस गुडघ्यांवर बसला. चर्चच्या मागच्या अंगणात बघतात तर तीन नव्या लाकडी पाट्या, आणि त्यांवर ह्या तिघांचीच नावं.

ट्वायलाने विचारलं, "आपली?"

"खेचर ओझ्यासकट एकटंच परत आलं. तुम्ही काही आला नाहीत. लोक काय समजणार?"

"माझ्या पाटीवर काय लिहिलंय?" डेलमरने विचारलं. गोष्टीतला डेलमर अट्टल चोर होता.

"प्रामाणिक माणूस."

"अरे देवा," डेलमर म्हणाला.

तुमच्यासाठी रविवारी प्रार्थना होत होती, आर्डिसने सांगितलं, तिघांचीही नावं घेऊन. ट्वायलाला एकदम हुंदका आला आणि ती स्वतःवरच चिडली.  ऑरिन सुतळी बोटाला गुंडाळत होता, सोडवत होता. तबेल्याच्या दारात हिल्डा उभी आहे, कान हलवतेय, हे आर्डिसने सांगितलं तेव्हाही त्याने मान वर केली नाही.

"ओझं," तो म्हणाला. "ओझं कुणी उतरवलं का तिचं?"

 आर्डिसला पाट्या सुचल्या, प्रार्थना सुचली, प्रामाणिक चोर सुचला. हे सुचलं नव्हतं. आठवड्यात दुसऱ्यांदा तिच्या नजरेतून काहीतरी सुटलं होतं, आणि समोरच्या माणसाच्या नेमकं तेच डोळ्यांसमोर होतं. ह्या वेळी मात्र तिला लाज वाटली नाही.

"तबेलेवालीने," ती म्हणाली. "दारात आली त्याच संध्याकाळी. आधी ओझं उतरवलं. मग पाणी दाखवलं. तुम्ही कुठे गेलात, मेलात की काय, ते सगळं त्यानंतर."

ऑरिनने मान डोलावली. "बरोबर," म्हणाला. "तसंच करायचं असतं."

मग तो उठला. कोट काढून खुर्चीच्या पाठीला लावला. खिडकीशी जाऊन त्याने हिल्डाचा ट्रे दोन्ही हातांनी उचलला, टेबलावर आणला आणि एकेक खळगा रिकामा करू लागला. तंबू, तवा, घोंगड्या. निळे मणी त्याने ट्वायलाकडे सरकवले. डेलमरने तवा मागितला, तोही दिला. पहिल्या खळग्यातल्या ओट्सना मात्र त्याने हात लावला नाही. ते हिल्डासाठी राहिले.